पहिली खुर्ची

बाबा हो म्हणाले, आणि तिथेच सगळ्यांची पंचाईत झाली.

ते नाही म्हणतील याची तयारी सगळ्यांनी केली होती. काकांनी तर आठवडाभर मुद्दे घोकले होते. दादा असं म्हणाला तर आपण तसं म्हणायचं, तो चिडला तर गप्प बसायचं, उठून गेला तर वहिनींना मागे पाठवायचं. आई सकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेर पडायला तयार नव्हती. आणि बारकीने अंघोळीच्या वेळी नळ मोठा सोडून, त्या आवाजाच्या आड, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं: बाबा, या हंगामापासून पहिल्या खुर्चीवर मी बसते. प्रत्यक्षात ते वाक्य घशातून बाहेर पडेपर्यंत निम्मं झालं. "बाबा, पहिल्या खुर्चीवर मी..." एवढंच ती बोलली, आणि बाबांनी गजाला राळ घासता घासता मान डोलावली.

"बस की," ते म्हणाले. "मी आता पुरे करतो."

सरावाच्या खोलीत काकांचा चेलो गुडघ्यांत होता, त्याला धरून ते नुसते बसून राहिले. आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. दाराजवळच्या पाचव्या खुर्चीवर आत्या बसली होती, तिने तर चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला, जणू हे बोलणारा आपलाच भाऊ आहे की दुसरा कुणी, याची तिला खात्री करून घ्यायची होती.

बारकी चाळिशीला टेकली तरी घरात बारकीच होती. तिला आनंद व्हायला हवा होता. अकरा वर्षं ती घरच्या चार वादकांच्या या चौकडीत दुसरं व्हायोलिन वाजवत होती. दुसऱ्या व्हायोलिनचं काम म्हणजे पहिल्याने मिरवायचं आणि आपण खालून हात द्यायचा. ते तिने मनापासून केलं होतं. पण गेली दोन वर्षं बाबांचा सूर चढत होता. थोडाच, केसभर, पण चढत होता. वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणाऱ्या गृहस्थांनी दोनदा लिहिलं की चौकडीचं पहिलं व्हायोलिन आता थकलंय. सभागृहाच्या व्यवस्थापकाने काकांना बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्या खुर्चीवर माणूस बदला, नाहीतर पुढच्या हंगामात आम्हाला दुसरी चौकडी बघावी लागेल. चौकडी गेली तर या घरात उरणार काय? आजोबांनी ती उभी केली. बाबा, काका आणि आत्या बोलायच्या आधी वाजवायला शिकले. आई तर या घरात आधी व्हिओला वाजवणारी म्हणून आली आणि मग सून म्हणून. घरातल्या कुणालाच दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून हे आजचं. आणि बाबा 'बस की' म्हणून मोकळे झाले होते, चहात साखर घालायची का असं कुणी विचारल्यासारखे.

"दादा," काका शेवटी म्हणाले, "तू रागावून बोलतोयस का?"

"रागावलोय असं दिसतंय का?"

"नाही. तेच तर."

"मग झालं. शनिवारचा कार्यक्रम हिला पहिल्या खुर्चीवर बसवून करा. दुसऱ्यासाठी तो लांब केसांचा मुलगा आहे ना, तुमच्या संगीतशाळेतला, त्याला घ्या. चांगला वाजवतो. मान खाली घालून वाजवतो, ते जास्त चांगलं." बाबांनी गज पेटीत ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं. "वहिनीसाहेब, चहा देणार का धरूनच उभ्या राहणार?"

आईला ते काकांसारखं 'वहिनीसाहेब' म्हणायचे ते फक्त मनात काहीतरी खदखदत असलं की. हे बारकीला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं. आईने ट्रे खाली ठेवला, पण कप काही कुणाच्या हातात दिला नाही.

"मला काय समजत नाही माहितीये?" आत्या म्हणाली. "मला इथे बोलावलं कशाला? भाऊ म्हणाला, दादा ऐकणार नाही, तू ये, तुझं ऐकेल. आता हा तर आधीच ऐकून बसलाय."

"मग चहा घे आणि जा," बाबा म्हणाले.

"जाते. पण मला काढलंस तेव्हा असं चहा घे नि जा झालं नव्हतं. या इथं," तिने बसल्या जागेवरून मधल्या चार खुर्च्यांकडे बोट दाखवलं, "मला बसवून कांदा सोलवला होतास. माझी सगळी सालं काढलीस. आणि स्वतःची पाळी आली की साहेब पेटी बंद करून मोकळे."

कांदा सोलणं ही या घरातली रीत होती, आजोबांनी घालून दिलेली. चौकडीत कुणाचा सूर हलतोय हे वाजवताना सांगता येत नाही, कारण आजोबांचा दुसरा नियमच असा होता: मंचावर कुणालाही एकटं पाडायचं नाही. एकाचा सूर चढला तर उरलेल्या तिघांनी त्याच क्षणी, मुकाट्याने, त्याच्याबरोबर चढायचं. समोरच्या माणसाला कळतही नाही. पण मग घरी आलं की गय करायची नाही. चौघांनी पाठीला पाठ करून बसायचं, एकच लांब कॉर्ड, म्हणजे चौघांचे चार सूर एकत्र, धरायची आणि पाचव्या माणसाने हळूच एकेकाच्या खांद्याला हात लावायचा. हात लागला की त्याने थांबायचं. उरलेले तिघं वाजवत राहतात. ज्याला थांबवल्यावर उरलेल्यांचा सूर आपोआप बसतो, तो चुकणारा. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, खात्री होईपर्यंत. या खोलीत कांदा सोलताना डोळ्यांत पाणी आलं नाही असं सहसा झालेलं नव्हतं.

आत्याचा डावा हात सांध्यात आखडायला लागला तेव्हा तिचा सूर असाच हलला होता. बाबांनी कांदा सोलवून घेतला आणि एका वाक्यात सांगितलं, की उद्यापासून येऊ नकोस. त्यानंतर आत्याने व्हायोलिनला हात लावलेला नव्हता. तिच्या जागी बारकी आली.

"आत्या म्हणतेय ते बरोबर आहे," बारकी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिलाच नवल वाटलं, कारण खुर्ची तर मिळाली होती, आता तोंड मिटून बसणंच शहाणपणाचं होतं. पण बाबांनीच तिला शिकवलं होतं की आपण असं बसायचं नाही. आणि दुसरंही एक होतं, ते तिने स्वतःशीच कबूल केलं: उद्या लोक म्हणणार, मुलीने बापाला उठवलं. ते तिला नको होतं. कांद्याने उठवलं असं म्हणता आलं पाहिजे.

"बाबा, तुम्ही नुसते माझ्या शब्दावर उठलात असं नको. रीतसर होऊ दे. एकदा कांदा सोलू. मग तुमचं तुम्हाला पटेल, आणि मलाही पुढे जन्मभर टोचणार नाही."

"नको," बाबा म्हणाले.

ते इतक्या चटकन आलं की बारकीला क्षणभर ऐकूच आलं नाही असं वाटलं.

"का नको?"

"मी जातोय ना? मग आणखी काय हवंय तुम्हाला?" आवाज चढला नव्हता, पण मानेची शीर ताठ झाली होती. "मी चढा वाजवतो. सगळ्या गावाला माहितीये. छापून आलंय. आता ते वाजवून दाखवायला पाहिजे का?"

"दादा, गेली दोन वर्षं तू कांदा टाळतोयस," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात एक नवी धार आली होती. भावाची दया येत होती तोवर ते बिचकत होते, आता भाऊ पळतोय असं दिसल्यावर त्यांना जोर चढला. "दरवेळी काहीतरी कारण. डोकं दुखतंय, कार्यक्रम जवळ आलाय, हवा दमट आहे. अरे, हवा आमच्यासाठीही दमटच असते."

"अहो, राहू दे ना," आई हळूच म्हणाली.

ती काकांना म्हणाली की बाबांना, हे बारकीला कळलं नाही.

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका," काका म्हणाले. "हिच्या डोक्यावर बापाला उठवल्याचं ओझं नको. सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. सोलणारी बसलीये इथेच, तिच्यासारखा कान आपल्या कुणाला नाही."

आत्या उठली. कांदा सोलायला तिला बोलावतील असं तिला वाटलं नसावं, कारण उठल्यावर तिने साडी दोनदा सारखी केली. बारकीला वाटलं, हिला आज न्याय मिळतोय. अकरा वर्षांनी का होईना.

बाबांनी पेटी पुन्हा उघडली. बराच वेळ ते गजाचे केस ताणत बसले, जितके ताणायला लागतात त्यापेक्षा जास्त. मग खुर्ची फिरवून पाठ करून बसले.

चौघांच्या पाठी आत, तोंडं बाहेर. बारकीच्या समोर भिंतीवर ठोकलेला जाड गालिचा होता, आवाज घुमू नये म्हणून लावलेला. त्याचा एक कोपरा सुटून लोंबत होता. तिने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. काकांनी खालची मोकळी तार धरली. मोकळ्या तारेवर बोट नसतं, त्यामुळे ती कुणाबरोबर चढतही नाही नि उतरतही नाही. म्हणूनच कांद्याला चेलोने मोकळी तार वाजवायची. त्यावर आईचा व्हिओला आला, मग बारकी, मग सगळ्यांत वर बाबा.

कॉर्ड लागली आणि बारकीच्या मनात आलं, झालं, हे तर आता आंधळ्यालाही दिसेल. बाबा वर होते. उजव्या कानात त्यांचा सूर स्वच्छ चढा ऐकू येत होता. काकांच्या तारेवर वरचे सगळे सूर घासत होते, तेल न घातलेल्या बिजागरीसारखे. तिला बापाची दया आली.

आत्याने चपला काढून ठेवल्या होत्या, तरी तिची पावलं कळत होती. ती आधी बाबांकडे गेली. तिला घाई झाली असावी. बाबांचा सूर थांबला.

घासणं थांबलं नाही.

बारकीने गज लांबवला आणि वाट पाहिली. आता बसेल, आता बसेल. आई, काका आणि ती, तिघंच होते, आणि तरी वर काहीतरी खुपतच होतं. आई असेल. बिचारी बाबांबरोबर चढून चढून तिथेच अडकली असेल. बाबा पुन्हा आत आले. आत्या आईकडे गेली, व्हिओला थांबला. काही फरक नाही. आई पुन्हा आत आली.

मग बारकीच्या खांद्याला हात लागला. तिने गज उचलला.

आणि सूर बसला. आधी आईचा किंचित उतरला, मागोमाग बाबांचा, वरून हळूहळू घसरत येऊन काकांच्या तारेवर अलगद टेकला. घासणं संपलं. खोली त्या एका आवाजाने काठोकाठ भरली. दोन वर्षं बारकी याच आवाजासाठी झुरत होती. प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक सरावात तिने तो शोधला होता. तिला इतका आनंद झाला की ती जवळजवळ हसली. आला, परत आला, बाबांना जमलं.

मग तिच्या लक्षात आलं की आपला गज हवेत आहे.

आत्याचा हात अजून खांद्यावरच होता आणि तो जड होत चालला होता.

"पुन्हा," बारकी म्हणाली. "आत्या, पुन्हा. उलट्या क्रमाने."

पुन्हा झालं. आत्याने आधी तिला थांबवलं, सूर बसला. तिला आत घेतलं, सूर फाटला. बाबांना थांबवलं, फाटलेलाच. तिसऱ्यांदा आत्याने कुणालाच हात लावला नाही. ती नुसती मधोमध उभी राहिली आणि वाजवणारे आपणहून एकेक करून थांबले.

कुणी खुर्ची फिरवेना. काकांनी पहिल्यांदा फिरवली. त्यांचं तोंड उघडंच होतं.

"हे कसं शक्य आहे?" ते म्हणाले. "वर तर दादा असतो. मी ऐकतो ना. सगळा गाव ऐकतो."

"असतो वर," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तिच्याबरोबर असतो. ती चढते, हा तिच्यामागे चढतो. पहिलं व्हायोलिन सगळ्यांत वर, म्हणून लोकांना तोच ऐकू येतो." ती बाबांच्या पाठीकडे वळली. "खरं ना, दादा?"

बाबांची पाठ हलली नाही. बारकीला वाटलं ते आता म्हणतील, काहीतरी काय बोलतेस. त्यांनी तसं म्हणावं म्हणून तिने अक्षरशः श्वास रोखला.

"मी म्हटलं होतं, कांदा नको," बाबा म्हणाले.

आईच्या व्हिओलाच्या पेटीत एक नादकाटा असायचा, ठोकला की एकच सूर देणारा, आजोबांच्या हातचा. आईने तो काढला आणि बारकीच्या हातात दिला. बारकीने तो गुडघ्यावर ठोकला आणि उजव्या कानाशी धरला. ओळखीचा सूर. लहानपणापासून याच सुराला ती तारा लावत आली होती. मग तिने तो डाव्या कानाशी नेला.

दुसराच सूर होता. खाली, केसभर खाली, पण दुसराच.

तिने पुन्हा ठोकला. उजवा. डावा. उजवा. डावा. व्हायोलिन असतं डाव्या कानाखाली. डाव्या कानाला ते खाली वाटलं की बोट आपोआप वर सरकतं. बाबा बसतात उजवीकडे, आणि उजवा कान ठणठणीत. म्हणजे बाबा चढलेत हे तिला बरोबरच ऐकू येत होतं. फक्त ते कुणामागे चढलेत, हे तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. सगळं असं एकापाठोपाठ एक तिच्यासमोर मांडलं गेलं आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"तो ताप," आई म्हणाली. "दोन वर्षांपूर्वीचा. कान गच्च झालाय म्हणत होतीस."

"तो गेला. बरी झाले मी."

"हो."

"आई, तुला माहीत होतं?"

"मी तुझ्या शेजारी बसते गं," ती म्हणाली.

काका ताडकन उठले. चेलो पडता पडता त्यांनी सावरला. "म्हणजे मीच एकटा गाढव? दोन वर्षं मी तुला मनातल्या मनात म्हातारा म्हणतोय, दादा. त्या व्यवस्थापकासमोर मी तुझी लाज काढली. त्याला म्हटलं, भाऊ आहे, पण काय करणार, वय झालं. आणि तू ऐकून घेतलंस?"

"तू माझ्यासमोर नव्हता बोललास."

"छापून आलं ते तर वाचलंस ना?"

"वाचलं. त्यात चूक काय होतं? पहिलं व्हायोलिन चढतं असंच लिहिलं होतं. चढतच होतं."

"तिला सांगायचं होतंस," काका म्हणाले. "डॉक्टरकडे न्यायचं होतं. दोन वर्षं, दादा. वेळीच गेली असती तर..."

पुढचं ते बोलले नाहीत, पण ते सगळ्यांना ऐकू आलं. बाबांनी आता खुर्ची फिरवली. बारकीने त्यांच्याकडे पाहिलं, तर बाबा घाबरलेले होते. त्यांना घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं उतरेल," ते म्हणाले. "ताप उतरला, तसं हेही उतरेल. आधी महिनाभर थांबू म्हटलं. तोवर मी सांभाळून घेतो. मंचावर एकटं पाडायचं नाही ना, मग नाही पाडलं. मग हंगाम सुरू झाला. मग ते छापून आलं, आणि मला बरंच वाटलं, चला, लोकांना मी दिसतोय, ही दिसत नाही."

"आणि घरी? घरी गय करायची नाही, त्याचं काय?" आत्याने विचारलं.

बाबांनी गज मांडीवर आडवा ठेवला.

"मी विचारतेय, दादा. माझी केली नाहीस. एका दुपारीत निकाल लावलास. त्यानंतर मी कशी जगले, कधी विचारलंस?"

"नाही विचारलं."

"का?"

"दिसत होतं ना." बाबांनी बहिणीकडे पाहिलं नाही. "तू त्यानंतर व्हायोलिनला हात लावला नाहीस. शिकवलंही नाहीस. आमच्या कार्यक्रमाला एकदासुद्धा आली नाहीस. मी एक वाक्य बोललो आणि तू संपलीस. तेच वाक्य मी हिला पुन्हा कसं बोलणार होतो?"

आत्या बारकीच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. बारकीला वाटलं ती रडेल. पण आत्या चिडली होती, आणि इतकी चिडली होती की शब्द जुळवायला तिला कष्ट पडत होते.

"म्हणजे तुला कळलं होतं, आपण चुकलो," ती म्हणाली. "माझ्या बाबतीत चुकलो हे तुला कळलं, आणि ते तू मला सोडून बाकी सगळीकडे भरून काढलंस. एकदा येऊन सांगितलं असतंस तर काय झिजला असतास?"

"सांगायला तोंड नव्हतं."

"माझ्या घराला दार होतं की, मी उघडलं असतं."

आईने ट्रेमधले कप उगाचच सरळ केले. चहावर साय धरली होती.

बारकीला राग यायला हवा होता. तिने तो शोधूनही पाहिला. या माणसाने तिला दोन वर्षं खोट्यात ठेवलं, तिचा कान कदाचित कायमचा घालवला, आणि आज तिला स्वतःची खुर्ची देऊन तो मुकाट्याने निघून जाणार होता. शनिवारी ती पहिल्या खुर्चीवर बसली असती. तिच्यामागे चढायला बाबा नसते. मान खाली घालून वाजवणारा तो मुलगा मान खाली घालून बरोबर वाजवत राहिला असता, आणि भरल्या सभागृहात ती एकटी वर लटकली असती. हे बाबांना कळलं नव्हतं? की कळूनही दुसरा रस्ता दिसला नव्हता?

"बाबा," ती म्हणाली, "मी पहिल्या खुर्चीवर बसल्यावर काय होईल असं वाटलं होतं तुम्हाला?"

"तुझ्या काकांना सांगणार होतो. तो तुझ्यामागे आला असता. आई तर येतेच. त्या मुलालाही शिकवलं असतं."

"सगळ्या चौकडीला माझ्यामागे चुकायला शिकवलं असतं."

"हो," बाबा म्हणाले, आणि ते इतकं साधेपणाने म्हणाले की काकांनी कपाळाला हात लावला.

बारकीने व्हायोलिन पेटीत ठेवलं. तिच्या हातांना ते नीट ठेवता येत होतं याचं तिला आश्चर्य वाटलं. मग ती दाराजवळच्या पाचव्या खुर्चीवर जाऊन बसली, जिथे मघाशी आत्या बसली होती. ऐकणाऱ्याची खुर्ची.

"मी शनिवारी वाजवणार नाही," ती म्हणाली. "पहिल्यावरही नाही, दुसऱ्यावरही नाही. कान दाखवते. पुढचं पुढे. पहिल्या खुर्चीवर बाबाच बसतील. काका, तुम्ही व्यवस्थापकाला सांगा, की चूक माझी होती, सापडली, आणि पहिलं व्हायोलिन जसं होतं तसं आहे."

"बारके, आज काही ठरवू नकोस," आई म्हणाली.

"ठरलं. आता मला तिघांचं ऐकायचंय. मी नसताना. तो संथ भाग घ्या, सुरुवातीचा, दुसरं व्हायोलिन सोडून."

"आज नको," बाबा म्हणाले.

"आजच. मला निदान ते तरी ऐकू दे. दोन वर्षं मी तुम्हाला काय वाजवू दिलं नाही ते."

"बाळा, नको म्हणतोय ना."

त्यांनी तिला बाळा कधी म्हटल्याचं तिला आठवेना. पण आईने व्हिओला उचलला होता, आणि काका परत खुर्चीवर बसले होते. बाबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, काही मदत होते का म्हणून. ती झाली नाही. त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं.

बारकीने डावा कान तळहाताने घट्ट दाबला. आता उरला होता तो चांगला कान.

चेलो आला, खालून, जमिनीसारखा भक्कम. त्यावर व्हिओला आला, आणि आई आता कुणाच्याही मागे जात नव्हती. तिचा सूर जिथे हवा तिथे होता. बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाबा आले.

ते वर होते.

आपला हात नीट बसला नसेल म्हणून तिने कान आणखी दाबला, दुखेपर्यंत. बाबा वरच होते. कॉर्ड लांब धरली होती तेव्हा त्यांना घसरत खाली यायला सवड मिळाली होती. इथे चाल पुढे सरकत होती, सूर येत होते आणि जात होते, आणि प्रत्येक सुराला बाबांचं बोट तिथेच पडत होतं जिथे ती असायची. ती आता तिथे नव्हती. ते एकटेच होते. आई क्षणभर त्यांच्या मागे वर गेली, मग तिने स्वतःला आवरलं आणि परत खाली आली. काकांनी वाजवता वाजवता डोळे मिटून घेतले.

बारकीने आत्याकडे पाहिलं. आपल्याला ऐकू येतंय ते खरं नाही असं तिने नुसत्या नजरेने सांगावं, एवढंच तिला हवं होतं. आत्या जमिनीकडे पाहत होती.

शेवटचा सूर थांबला. बाबांनी गज खाली घेतला. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं नाही.

"कसं वाजलं?" त्यांनी बारकीला विचारलं.

छान, असं म्हणायला काही लागत नव्हतं. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत येऊनही गेला. खोलीतल्या सगळ्यांनी तिला तो माफ केला असता.

"वर, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही अजून वर आहात."

"माहितीये."

"मग खाली या ना. मी आता नाहीये तिथे."

बाबांनी डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. व्हायोलिन त्यांनी मांडीवर घेतलं.

"येता येत नाही गं आता," ते म्हणाले.